दोन वर्षांची शाबासकी

"अगं वल्लरी, कालपर्यंत मशीन पळत होतं. आज काय झालं?" लॅबच्या मालकीण डॉ. शुभदाताईंनी काउंटरवरच्या गर्दीकडे बोट दाखवलं. "श्रीनाथनी दोन वर्षं वेग टिकवला, तू येऊन महिना होत नाही तोच घालवलास!"

धामणकर नाक्यावरच्या त्या पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर सांभाळणारा श्रीनाथ शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली. नवी इंजिनिअर वल्लरी सगळं जाणून होती, तरी तिने तोंड उघडलं नाही. त्याला तेच जास्त लागलं.

प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच उरकून ठेवतो. मग त्याच मशीनवरचा परका प्रोग्रॅम, कशाला किती वेळ लागला ते मोजून, आतली गुपितं, इथे पेशंटचे रिपोर्ट, ओळखू शकतो. ते रोखणारं संरक्षण चालू ठेवलं की वेग पडतो. सर्व्हरचा अर्धा भाग बाहेरच्या कंपनीला भाड्याने दिलेला असूनही श्रीनाथने ते बंद केलं होतं. रिपोर्ट भराभर निघाले, लॅबच्या सत्यनारायणाला त्याला शाल मिळाली, आणि सर्व्हरच्या सुरक्षा-तपासणीच्या कागदावर त्याने 'संरक्षण चालू' लिहून बेधडक सही ठोकली.

आणि हा गृहस्थ वाढला कुठे, तर लूमच्या, कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या, कारखान्याशेजारी! भिंतीपलीकडे कुठलं कापड निघतंय ते लहानपणी नुसत्या खडखडाटावरून सांगायचा. बाहेरच्या खुणांवरून आतलं ओळखता येतं, हे त्याला वेगळं कुणी समजावायला हवं होतं का?

"मॅडम," तो कसाबसा म्हणाला, "तिने बिघडवलं नाही, सकाळी दुरुस्त केलं. रिपोर्टचं संरक्षण मी बंद केलं होतं. कागदावर खोटं लिहिलं."

"म्हणजे? कुणाचे रिपोर्ट बाहेर गेले?"

"कळणार नाही. अशा चोरीची खूणच राहत नाही."

"एचआयव्हीचेसुद्धा?"

श्रीनाथचे कान तापले. शरमेने त्याला मान वर करवेना. शुभदाताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "सगळ्या पेशंटना कळवायचं. पत्र तूच लिही," एवढंच म्हणून त्या केबिनमध्ये गेल्या.

तो काउंटरवर येऊन उभा राहिला. समोर अकलोली गावच्या कमळमावशी होत्या; दर तीन महिन्यांनी त्या तपासणीला यायच्या.

"सर, आज लय येल लागतंय."

"तासभर लागेल, मावशी. चूक माझी आहे."

त्या पुढे वाकल्या आणि दर खेपेला विचारायच्या तेच हळूच विचारलं, "माजा रिपोर्ट गावात कुनाला कलनार न्हाय ना?"

दर खेपेला तो हसून 'छे छे' म्हणायचा.

"आजपासून नाही," तो म्हणाला.

मावशींनी त्यातलं 'नाही' तेवढं ऐकलं. निर्धास्त होऊन त्यांनी पावती पदराच्या गाठीत बांधली आणि बाकावर जाऊन बसल्या. श्रीनाथने पत्रासाठी कोरा कागद पुढे ओढला.