दुसरं कोण आहे घरात?

ऐका ना, मधेच बोलू नका, नाहीतर मी विसरेन. माझी दोड्डम्मा माहितीये ना? आईची थोरली बहीण, कुसुमा. पडुकरेला राहते. मलपे बंदरावरून मासळीची टोपली उचलायची आणि उडुपीच्या बसमध्ये चढायची, जन्मभर हेच. कंडक्टर रोज म्हणणार, "अक्का, टोपली मागं ठेव, पाणी गळतंय." आणि ही रोज म्हणणार, "आण तुझं डोकं, त्यावर ठेवते."

तर दोड्डप्पा, म्हणजे तिचा नवरा, गेला, त्याचा होडीतला वाटा विकला, ते पैसे हिच्या खात्यात आले. त्या पैशांचा तीनचाकी टेम्पो घ्यायचा. टोपली नाही, बस नाही, कंडक्टर नाही. आणि चालवणार कोण? मी! शिकलेसुद्धा. पुढच्या आठवड्यात शोरूमला पैसे भरायचे होते.

पण त्याआधी तुम्हाला पिग्मी कामत सांगायला हवा. तो कळला नाही तर काहीच कळणार नाही.

मलपेला जायचा पूल झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. मी एवढीशी होते. कामत रोज संध्याकाळी नदीपलीकडून तरीनं यायचा, सायकल आडवी टाकून, काखेत छत्री. बँकेचा माणूस, पिग्मी म्हणजे रोजची बचत गोळा करायचा. सगळ्या बायका दोन रुपये, पाच रुपये, जे काय असेल ते त्याच्याकडे द्यायच्या, बरेचदा नवऱ्यांना न सांगता! पण एक होतं. आमच्याकडचे सगळे पुरुष दर्यावर. घरात बाई एकटी. त्यामुळे कामत अंगणात पाऊलच टाकायचा नाही. बाहेर नारळाखाली उभा राहायचा, घंटी वाजवायचा आणि ओरडायचा, "कुसुमा, जेवण झालं? दुसरं कोण आहे घरात?"

मग दोड्डम्मा कुंपणावरून हाक मारायची, "जलजा, ये गं, बँक आलीये!" शेजारची जलजाक्षी यायची, हाताला मसाला तसाच. ती आली की मगच कामत पैसे हातात घ्यायचा. जलजाकडे गेला की दोड्डम्मानं जायचं. एकटीचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत, एकदासुद्धा. आणि नुसते पैसे थोडेच? गूळ-पाणी व्हायचं, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाच्या गाईचं दूध, बांगड्याचा भाव. आम्ही पोरं त्याच्या सायकलचं पेडल उलटं फिरवत बसायचो. त्या वेळेला वास यायचा ना, सुकत घातलेल्या जाळ्यांचा आणि जलजाच्या चुलीचा... अजून तसा वास आला की मला वाटतं आता घंटी वाजणार.

मग कामत रिटायर झाला. बँकेत काचेची खोली आली, टोकनचं मशीन आलं. दोड्डम्मा गेली की काउंटरवरचा पोरगा मान वर न करता हिंदीत काहीतरी म्हणतो. ही घरी येऊन म्हणायची, "सुप्री, बँक मेली गं."

बरं. तर परवा. परवा दुपारी मी दोड्डम्माच्या मागच्या दारी स्कूटर धूत होते. आणि एकदम पुढून आवाज, "जलजा, ये गं, बँक आलीये!"

माझ्या हातातला पाइपच पडला. इतक्या वर्षांनी कामत? मी तशीच ओल्या पायांनी पळत पुढे. तिकडून जलजा, डोक्यावर अर्धा टॉवेल, "कुठंय, कुठंय कामत माम?" दोघी येऊन उभ्या.

नारळाखाली कोणीच नाही.

आणि दोड्डम्मा पायरीवर बसलेली. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात फोन. आणि चेहरा काय सांगू, असा उजळलेला!

"या, या," ती आम्हाला म्हणते. "फोनवर आहे बँक. मलपे शाखेतून. इतकं गोड बोलतोय पोरगा! आल्या आल्या काय विचारलं माहितीये? कुसुमक्का, जेवण झालं का!"

फोन स्पीकरवर होता. तिकडून तो म्हणतोय, "अक्का, कुणाशी बोलताय? मी म्हटलं ना, आत खोलीत जा, एकट्या बसा. बँकेचं गुप्त काम आहे."

"असं कसं?" दोड्डम्मा म्हणाली. "एकटीनं बँकेचं काम मी केलंय का कधी? दुसरी आली आता. बोला."

मी खुणेनं विचारलं, काय काय दिलंस? ती बोटानं कार्डावरचे आकडे दाखवते, पुढचे, मागचे, सगळे! अगं बाई! आणि तेवढ्यात टुण्ण. मेसेज आला. सहा आकडे.

"आला ना नंबर, अक्का?" तो. "तेवढा वाचा. नाहीतर आज चारच्या आत कार्ड बंद, खातं बंद. टेम्पो-बिम्पो घ्यायचा असेल तर अडकेल सगळं."

टेम्पोचं त्याला कसं कळलं, तर हिनंच सांगितलेलं. गोड बोलला ना तो, मग हिनं दोड्डप्पापासून सगळं सांगितलं त्याला.

मी फोन घ्यायला हात पुढे केला, तर ही देईना. फोनवर हात ठेवून मला दटावते, "थांब गं. बरा माणूस आहे."

"दोड्डम्मा, मेसेजमध्येच लिहिलंय, हा नंबर कुणालाही सांगू नका. बँकेलाही नाही!"

"कुणालाही म्हणजे परक्याला."

मग जलजा वाकली फोनवर. केसातून पाणी टपटप फोनवर. "काय रे, कोणाचा तू? मलपे शाखेत आहेस ना? मग ये की पूल ओलांडून. पाच मिनिटं नाही लागत. नारळाखाली उभा राहा, गूळ-पाणी देते, दोघी-तिघी आहोत, तुझ्यासमोर वाचून दाखवतो नंबर."

"आम्हाला बाहेर यायची परवानगी नाही, अक्का."

"नाही? आमचा कामत माम तरीनं यायचा. तुला पूल आहे तरी होत नाही?"

"कोण कामत?" तो म्हणाला.

तिथे दोड्डम्माचा चेहरा बदलला. मी बघितलं ना, समोरच होते. तिनं हळूच विचारलं, "मलपे शाखेत बसतोस आणि कामत माहीत नाही?"

आणि मग त्याचा गोडवा संपला. "ए बाई, नंबर सांगतेस की खातं बंद करू? पोलीस पाठवू? एवढ्या बायका कशाला गोळा केल्यास? मूर्ख कुठली!"

"मूर्ख तुझ्या सात पिढ्या!" जलजा. आणि पुढे जे बोलली ते मी इथे सांगणार नाही, समोरच्या टेबलवाले ऐकतायत. दोड्डम्मानं स्वतःच्या बोटानं फोन कापला.

मी लगेच कार्डाच्या पाठीवरचा नंबर लावला. त्यानं ज्या नंबरवरून केला होता त्यावर नाही, कार्डावरचा, कळलं ना? तेवढं लक्षात ठेवा. कार्ड बंद करून घेतलं. मग एकोणीसशे तीसवर, सायबर पोलिसांच्या नंबरवर, तक्रार. घाईत दोनदा चुकीचं दाबलं. पैसे होते. सगळे होते, एक रुपया हलला नव्हता.

मी नाचले. जलजा नाचली. आणि दोड्डम्मा? पायरीवरच. रात्री पेज वाढली तर नुसती चमच्यानं ढवळत बसली.

"अगं, वाचले ना पैसे? टेम्पो येणार ना?"

"पैशाचं नाही गं," ती म्हणाली. "जेवलीस का म्हणून विचारलं त्यानं. किती वर्षांनी विचारलं बँकेनं. आणि मी म्हटलं, हो हो जेवले. जेवले नव्हते."

दुसऱ्या दिवशीही तेच. नुसता चहा. मग मी म्हटलं, चल, बस मागं. स्कूटरवर घातली आणि थेट कल्याणपूरला, कामतच्या घरी. जुनं कौलारू छोटं घर, व्हरांड्यात खुर्ची, खुर्चीत कामत. इतका लहान झालाय! त्याची बायको म्हणाली, कानानं बरं आहे, पण माणसं ओळखत नाही, मुलालासुद्धा कधीकधी. वाईट वाटून घेऊ नका.

दोड्डम्मा अंगणातच थांबली, पदर सावरून. मी ढकलतेय तरी पाऊल टाकेना.

कामतनं मान वर केली. बराच वेळ बघितलं. मग तोच आवाज, जरा फाटका, पण तोच.

"दुसरं कोण आहे?"

दोड्डम्मानं माझा हात धरून मला पुढे ओढलं. "ही आहे, माम. सुप्री. बहिणीची मुलगी."

"मग ठीक," तो म्हणाला. "जेवण झालं?"

"नाही," दोड्डम्मा म्हणाली, आणि रडायलाच लागली. "नाही झालं, माम. कालपासून नाही."

कामतनं आत बघून बायकोला हाक मारली, "अगं, दोन पानं मांड."