सुएझच्या तळाशी पाच महिने

मित्रांनो, सुएझच्या कालव्यात गाळ उपसता उपसता म्हातारे झालेले जहाज आहे मी. वाळवंटातली वाळू रोज पाण्यात येऊन पडते. ती उपसली नाही तर मोठमोठी जहाजे रुततील, म्हणून माझा जन्म. तोही इथला नव्हे. मला बांधले हॉलंडच्या गोदीत आणि विकत घेतले कालवा चालवणाऱ्या पॅरिसमधल्या कंपनीने. काठावर पहारा इंग्रज शिपायांचा. कालवा इजिप्तच्या जमिनीतला, पण इजिप्तचा माणूस तेवढा खाली माझ्या पोटात, इंजिनापाशी. त्याचे नाव मितवल्ली. या घोळाचा अर्थ मला तेव्हाही लागला नाही.

मितवल्लीचा पणजोबा हाच कालवा खणताना वेठीवर मेला होता. तरी हा मला रोज पुसायचा. दृष्ट लागू नये म्हणून इंजिनावर निळा मणी टांगायचा आणि न्याहारीची घेवड्याची उसळ माझ्या बॉयलरवर गरम करायचा. परदेशी कप्तान पाहुण्यांपुढे मिरवायचा, "हे माझं जहाज!" मितवल्ली खालून पुटपुटायचा, "हो बाबा, तुझंच. पण तिला खोकला आला की औषध कोण देतं?"

१९५६च्या उन्हाळ्यात इजिप्तच्या सरकारने कालवा ताब्यात घेतला. "आठ दिवसांत सगळं बंद पडेल तुमचं," असे बजावून कप्तान चंबूगबाळे आवरून गेला. बंद काही पडले नाही. मितवल्लीने कालव्याकाठच्या इस्माइलिया शहरात सगळ्या गल्लीला सरबत पाजले. मला वाटले, चला, सुटले एकदाची!

कसचे काय! थंडी पडायच्या आत इस्राएल, इंग्लंड आणि फ्रान्स चालून आले. म्हणे, कालवा वाचवायला. वाचवायला येणारे बॉम्ब का टाकतात, हे तुमच्यापैकी कोणी मला सांगाल का?

मग इजिप्तचाच एक तरुण अधिकारी धावत आला. "उस्ताद, हिला मधोमध आडवी करा आणि बुडवा."

"साहेब, जन्मभर हिनं कालवा मोकळा केला. आता हिचंच बूच मारू?"

"वरचा हुकूम आहे. आपल्याला नाही, तर त्यांनाही नाही."

मितवल्ली खाली आला. माझ्या तळाशी एक झडप आहे. ती उघडली की समुद्र आत येतो. तिच्यावर हात ठेवून तो लहान पोरासारखा रडला. "म्हातारे, माफ कर गं," म्हणाला आणि त्याने ती उघडली. मी गुपचूप तळाशी जाऊन बसले. राग तर खूप आला होता. कोणावर, तेच ठरेना.

पाच महिने मी तिथे होते. मासे पोटात फिरत होते आणि जो गाळ मी जन्मभर उपसला तोच पाठीवर साचत होता. मग देशोदेशींचे पाणबुडे आले. त्यांत हॉलंडचेही होते. साखळ्या लावून त्यांनी मला वर काढले. जीव लावला त्याने बुडवले आणि ज्यांना नावही ठाऊक नव्हते त्यांनी वर काढले. आता आपला कोण आणि परका कोण? मीसुद्धा परदेशीच की!

पाहणी करणाऱ्या एका साहेबाने शेरा मारला, "भंगारात काढा." काठावर मितवल्ली उभाच होता. तो उसळला, "भंगारात? बुडवलं मी, आता चालवणारही मीच!" तीन महिने तो माझ्या इंजिनातली वाळू खरवडत होता. मी पुन्हा कामाला लागले.

पण आणखी एक हुकूम आला आहे. तळाची झडप चालू स्थितीत ठेवा, बुडवायची वेळ सांगून येत नाही. म्हणून दर गुरुवारी मितवल्ली तिला तेल घालतो. ही माया की तयारी, मला कळत नाही.

मित्रांनो, वस्तूची निगा राखावी, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. खरेच आहे ते. माझे इंजिन पुसा, मला रंग द्या, माझ्या साखळ्यांना वंगण लावा. पण उद्या मोठे होऊन तुम्ही राज्ये चालवाल, तेव्हा म्हातारीसाठी एवढे करा. ती झडप गंजू द्या.