खंडेनवमीचा रंग

हारुन शेखचा हात सुटायचा, हे अंबडच्या त्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वजन उचलायची साधनं तपासणं हे त्याचं काम. क्रेनचे हूक, चेन, दोर, पट्टे, सगळं त्याच्या नजरेखालून जायचं. वजनं बांधून चढवणारा एखादा खलाशी टांगलेल्या वजनाखाली उभा दिसला की हारुन आधी कानफटात द्यायचा आणि मग नियम सांगायचा. "मयताला नियम सांगून काय उपयोग?" असं वर म्हणायचा. तक्रारी झाल्या, मेमो मिळाले. पण नऊ वर्षांत त्याच्या शेडमध्ये कुणाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं, म्हणून मालक कानाडोळा करत.

असल्या तापट माणसाने आयुष्यात एकदाच पडतं घेतलं, आणि तेच भोवलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तपासणीत त्याला एक चेन सापडली. तिची एक कडी ताणून लांबट झाली होती आणि आतल्या बाजूला केसाएवढी चीर होती. हारुनने तिला लाल पट्टा मारला. लाल पट्टा म्हणजे चेन बाद. बाद चेन त्याच दिवशी गॅसने कापायची, हा त्याचा स्वतःचा दंडक. कारण भिंतीवर टांगलेली चेन घाईत कुणी ना कुणी उचलतोच. त्याने गॅसचा कटर पेटवला, तेवढ्यात फकिरा आडवा आला.

फकिरा खलाशांचा मुकादम, मूळचा चांदवडकडचा, साठीला टेकलेला. त्याचा मुलगा ललितही त्याच टोळीत. फकिराने चक्क हात जोडले.

"हारुनभाई, उद्या खंडेनवमी हाय. उद्या हत्यारं पुजायची अन् आज कापायची? अठरा वर्सं वझं उचललं तिनं. दसरा झाला की काप, मी नाय म्हनत नाय."

हारुनला ते पटलं नाही. पण त्याच्या मनात दुसरीच पाल चुकचुकली. पूजेच्या तोंडावर शेख आडनावाच्या माणसाने अवजार कापलं, तर उद्या कोण काय बोलेल याचा नेम नाही. त्याने हातातला कटर बंद केला, चेन कोपऱ्यातल्या वेगळ्या खुंटीला टांगली आणि घरी गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आल्या आल्या कोपऱ्याकडे गेला. खुंटी रिकामी होती. भिंतीवरच्या सगळ्या चेन चंदेरी रंगाने लखलखत होत्या, प्रत्येकीवर हळदीकुंकवाची बोटं. त्याने एका खलाशाला विचारलं.

"फकिरामामांनी समद्या धुतल्या, रंगवल्या," तो हसत म्हणाला. "कोपऱ्यातलीबी. म्हातारी झाली म्हनून तिला ओवाळायचं नाय का, म्हनले. पूजेनंतर आमीच समद्या एका रांगेत लावल्या."

लाल पट्टा रंगाखाली गेला होता. त्याने मान वर केली.

शेडच्या मध्यावर चार चेनवर तीन टनांची लोखंडी टाकी टांगलेली होती. एका चेनच्या ताणत चाललेल्या कडीवरून नवा कोरा रंग तडकून सुटत होता. त्याच बाजूला टाकीखाली, तिला हाताने वळवत, फकिरा उभा होता.

"अमित, क्रेन थांबव! फकिरादादा, बाहेर ये! ती बाद चेन आहे!"

क्रेन चालवणाऱ्या अमितने ती थांबवली. टाकी जागच्या जागी झुलत राहिली. फकिरा मात्र हलला नाही. "दसऱ्यानंतरचं पयलं वझं हाय, हारुनभाई. आज तरी अभद्र बोलू नको."

हारुन धावला आणि त्याने फकिराच्या तोंडावर बुक्की हाणली. जबडा काडकन वाजला. म्हातारा खाली बसला, तशी हारुनने त्याची कॉलर धरली, फरफटत बाहेर ओढला आणि लाथ घालून आणखी लांब लोटला. फकिराच्या तोंडातून रक्त आणि दोन दात बाहेर आले.

बाकीच्यांनी एवढंच पाहिलं, की हारुन मुकादमाला जनावरासारखा मारतोय. शेडच्या आवाजात चेनचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं नव्हतं, आणि गेलं असतं तरी ऐकायच्या मनःस्थितीत कोण होतं? पाचसहा जण तुटून पडले. पाठीत पाना बसला, बरगडीत बूट बसला. पलीकडच्या टोकाला ललित होता. बापाला रक्तात पाहून त्याने पहार उचलली आणि जवळचा रस्ता धरला. जवळचा रस्ता टाकीखालून होता.

"खालून नको! ललित, खालून..." हारुन ओरडला. कुणीतरी त्याच्या तोंडावर गुडघा घातला.

चेन तुटली. सुटलेलं टोक एकाचा खांदा सोलून गेलं, टाकी कलंडली, उरलेल्या चेन हुकातून निसटल्या आणि तीन टन लोखंड ललितच्या कमरेवर आलं. जमीन हादरली. पहार उडून भिंतीवर आदळली.

ललित जिवंत होता. ओरडत होता. टाकी उचलायची तर दुसऱ्या चेन लावायला हव्या होत्या, आणि भिंतीवर सगळ्याच चंदेरी. हारुन रांगत भिंतीपाशी गेला. एकेक कडी नखांनी खरवडून तो डोळ्यांशी धरू लागला. मागून शिव्या येत होत्या. "लाव ना भडव्या! पोरगं मरतंय!" त्याची नखं उलटली, तरी चारही चेन पाहिल्याशिवाय त्याने एकही हुकाला लावू दिली नाही. टाकी वर गेली तेव्हा ललितचा आवाज थांबला होता.

संध्याकाळी सरकारी दवाखान्याच्या शवागारापुढे ललितची आई कलाबाई हारुनसमोर येऊन उभी राहिली.

"तू तपासनार ना रं? काय तपासलंस?" तिने त्याच्या मुस्काटात मारली. मग छातीवर, तुटलेल्या बरगड्यांवर, जिथे हात पडेल तिथे मारत सुटली. "माझं पोरगं खाल्लंस तू! माझ्या मालकाचं तोंड फोडलंस!"

चेन कुणी रंगवली हे हारुन एका वाक्यात सांगू शकला असता. ते वाक्य त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण चेन कापायचं काम त्याचं होतं, पेटता कटर त्याच्या हातात होता आणि लोक काय म्हणतील या भीतीने त्यानेच तो बंद केला होता. स्वतःची त्याला किळस आली. त्याने मान खाली घातली आणि मार खाल्ला.

बाकावर फकिरा बसला होता. जबडा आवळून बांधलेला, बोलता येत नव्हतं. तो उठला. बायकोचा उगारलेला हात त्याने मनगटाला धरला आणि सगळं बळ लावून स्वतःच्या फुटलेल्या जबड्यावर आदळला. बँडेजमधून रक्त उमटलं. त्याने पुन्हा आदळला.

"अवो, काय करता हे? सोडा!" कलाबाई किंचाळली.

फकिराने हात सोडला, पण तोंड तिथेच धरून ठेवलं, तिच्यासमोर. कलाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग हारुनच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. घात कुणाच्या हातून झाला ते तिला कळलं. पुढची तिने नवऱ्याच्या तोंडात स्वतःहून मारली.