नारिंगी सत्तर

लाईल टेस्मरकडे दोन दारांची, आठ सिलिंडरची, भडक नारिंगी गाडी होती, आणि त्या गाडीकडे लाईल होता. यातलं दुसरं म्हणणं त्याच्या बायकोचं, कोरिनचं.

गाडी १९७० सालची. ओहायोतले बाकीचे शहाणे असली गाडी पांघरूण घालून गॅरेजात ठेवतात आणि उन्हाळ्यात चार वेळा बाहेर काढतात. लाईल तिच्यातून रोज काचेच्या कारखान्यात कामाला जायचा, तिच्यातूनच दूध आणायचा. पहाटे ती सुरू झाली की शेजारची तीन घरं शिव्या देत उठायची. हिवाळ्यात हीटरमधून हवा कमी आणि पेट्रोलचा वास जास्त यायचा. पावसात डावी काच टॉवेल कोंबल्याशिवाय जागेवर राहायची नाही. पण पेट्रोल पंपावर एखादा म्हातारा जवळ येऊन म्हणायचा, "माझ्याकडे अशीच होती हो, विकून बसलो," आणि लाईलचा दिवस सोन्याचा व्हायचा.

शनिवारी संध्याकाळी हॅम्बर्गरच्या दुकानामागच्या मैदानात त्याची मंडळी जमायची. गाड्यांची बॉनेटं उघडी, काचेवर गाडीची सगळी माहिती लिहिलेलं कार्ड, शेजारी घडीच्या खुर्चीत मालक. एकमेकांना हाक मारायची ती गाडीच्या सालाने. "काय अडुसष्ट, पाठ कशी आहे?" "सत्तर, आज उशीर?" लाईल म्हणजे सत्तर. बारा वर्षं तो त्या नावाला ओ देत होता.

कोरिनला आठवा महिना लागला. जुळी होती.

"मागे बाळांच्या दोन खुर्च्या बसतील ना रे?" तिने विचारलं.

"चार माणसांची गाडी आहे ती."

"मग आत्ता मला किती धरतोस? एक की तीन?"

आमच्याकडे ओहायोत बाळ यायच्या आधी त्याची खुर्ची गाडीत बसवून फायर स्टेशनवर दाखवून आणतात. कोरिनने गुरुवारची वेळ घेतली. लाईल झटून तयारीला लागला, म्हणजे गाडीला दोन दिवस मेण घासलं. बाळांच्या खोलीची एक भिंत पिवळी झाली होती, तीन तशाच राहिल्या. गुरुवारी फायर स्टेशनच्या दारात गाडी लावून त्याने बॉनेट उघडलं आणि काचेवर कार्डही ठेवलं.

"लाईल, हे काय आहे?" कोरिन म्हणाली.

"बघू दे की लोकांना."

लोकांनी बघितलं. आतून पाच जवान धावत आले.

"इंजिन मूळचंच?"

"नट न् नट मूळचा!" लाईलची छाती शर्टात मावेना.

मग कॅप्टन ड्युप्री आल्या. पन्नाशीच्या, हातात फॉर्म. त्यांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागे शिरून खुर्ची ठेवली, गुडघ्याने दाबली, पट्टा ओढला. खुर्ची गर्रकन फिरली.

"खांद्याचा पट्टा कुठंय?"

"त्या काळी कमरेचाच असायचा," लाईल अभिमानाने म्हणाला.

"त्या काळी लोक मांडीवर पोर घेऊन सिगारेट ओढत गाडी चालवायचे." कॅप्टननी खुर्ची पुन्हा लावायला पुढची सीट पार पुढे सरकवली. "बाई, तुम्ही पुढे बसून दाखवता का?"

कोरिन कशीबशी बसली. पोट डॅशबोर्डला टेकलं. आणि मग तिला उठता येईना. सीट मागे जाईना, कारण मागे खुर्ची अडकली होती. आग नव्हती, धूर नव्हता, तरी पाच जवान एका बाईला गाडीतून सोडवायला लागले. एकाने दंड धरला, दुसऱ्याने पाय बाहेर काढले.

आणि लाईल बोलून गेला, "जरा बेताने हं. दाराला ओरखडा पडेल."

कोरिन बाहेर आली, घामाने भिजलेली, आणि तिने आधी दाराकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. कॅप्टननी फॉर्मवर फुली मारली, कार्डावरून गाडीचा नंबर उतरवला आणि कोरिनला आपल्या गाडीतून घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी लाईलने वेंडेलला फोन केला. हा दातांचा निवृत्त डॉक्टर सहा वर्षं नारिंगीवर डोळा ठेवून होता. त्याच्याकडे राखाडी व्हॅन होती, सरकत्या दारांची, आणि मुलं केव्हाच घर सोडून गेलेली. गाडीला गाडी, सौदा दोन मिनिटांत झाला. लाईल नंतर गॅरेजात जाऊन रडला. चांगला हुंदके देऊन रडला.

शनिवारी तो व्हॅन घेऊन मैदानात गेला. मंडळी हळहळतील, पाठ थोपटतील, अशी त्याची समजूत. निरोपाचे चार शब्दही मनात जुळवले होते. तेवढ्यात नारिंगी गुरगुरत आत आली.

"आला रे सत्तर!" सगळे ओरडले.

लाईलने सवयीने हात वर केला. सगळे त्याला ओलांडून वेंडेलकडे गेले. थोड्या वेळाने अडुसष्ट त्याच्याजवळ आला.

"अरे ए... तुझं नाव काय रे?"

"लाईल."

"हां, लाईल. ती व्हॅन जरा पलीकडे घे ना. फोटोत येतेय."

घरी येऊन त्याने हे कोरिनला सांगितलं. ती इतकी हसली की पोट धरून खाली बसली. मग तिने त्याचा हात ओढून पोटावर ठेवला, पण हसू काही थांबलं नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा फायर स्टेशन. व्हॅन बघायला कुत्रंही बाहेर आलं नाही. कॅप्टननी दोन्ही खुर्च्या गदागदा हलवल्या. त्या तसूभर हलल्या नाहीत.

"नाव?" त्यांनी पेन काढलं. मागच्या वेळी त्यांनी ते विचारलंच नव्हतं.

"लाईल टेस्मर."

"बाळांचे कोण?"

"बाप," लाईल म्हणाला.

कोरिन उतरायला लागली. त्याने हात दिला. तिने दुसऱ्या हाताने दार धरलं, आणि अंगठी राखाडी रंगावर कर्रर्र करून वीतभर घासली.

"अगं बाई, ओरखडा पडला," ती म्हणाली.

लाईल सांगतो, त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. कोरिन सांगते, बघितलं, चांगलं डोळे फाडून बघितलं. पण हात सोडला नाही.