भिंतीवरची पेटी आणि मी

मित्रांनो, हेवा वाईट असतो हे मला कोणी सांगायला नको. पण मी एक जुना नगारा आहे, आणि भिंतीवरच्या त्या लाकडी पेटीवर मी आजही जळतो.

इथिओपियाच्या डोंगरात मला एका खोडातून कोरलं आणि वर बैलाचं कातडं ताणून बसवलं. मी सरदार ताफेसेंच्या कचेरीपुढे असे. मला वाजवणारा अबाते. बादशहाचा हुकूम आला की तो मला दणादण वाजवी आणि घराघरांतून माणसं बाजाराच्या पटांगणात जमत. खांद्यावरची पांढरी चादर कमरेला बांधून, मान लववून उभी राहत, साक्षात बादशहापुढे उभं राहावं तशी. हा मान माझा होता.

मग कचेरीच्या भिंतीवर टेलिफोनची लाकडी पेटी आली. तारेतून बादशहाच्या दरबारचा शब्द येतो म्हणून सरदार त्या पेटीपुढेच चादर कमरेला बांधून लवू लागले. एवढीशी पेटी, पण तोरा केवढा! माझ्यावर मात्र कोंबड्या बसू लागल्या.

अशात इटलीची फौज सरहद्द ओलांडून देशात घुसली. आता तरी माझी पाळी येईल असं मला वाटलं. पण पेटीतून निरोप आला, घाई नको, जिनिव्हात राष्ट्रसंघ बसला आहे, पन्नास देश न्याय करतील. पेटी म्हणेल ती पूर्व दिशा.

अबातेची बायको वोर्कनेश मात्र ऐकेना.

"अहो, गुहेत चला म्हणते ना! इटलीची विमानं काय जिनिव्हाला विचारून बाँब टाकणार आहेत?"

"थांब गं. सरदार म्हणतात, सभा चालू आहे."

"चालू दे खुशाल. मी निघाले शेळ्या घेऊन."

आणि ती खरंच डोंगरावर निघून गेली.

एका बाजाराच्या सकाळी पेटी खणखणली. सरदार हसतच बाहेर आले.

"अबाते, वाजव! इटलीला माल विकणं देशोदेशींनी बंद केलंय!"

"सगळा माल, सरकार?"

"तेल सोडून."

"मग विमानं काय पाण्यावर उडतात?"

"तोंड नको चालवूस, नगारा वाजव!"

मी वाजलो. निरोप त्या पेटीचा होता, पण लोक येत होते माझ्या हाकेला. मी आनंदाने फुलून गेलो. डोंगर उतरून वोर्कनेशही आली, शेळ्या वरच सोडून. तिनेही चादर कमरेला बांधली. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि माझा आवाज मोठा होता. आभाळात आलेली विमानं कोणाला दिसली नाहीत, ऐकूही आली नाहीत.

बाँबचा धूर ओसरल्यावर अबाते निष्प्राण वोर्कनेशला मांडीवर घेऊन बसला. "तू कशाला आलीस गं खाली?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. ती का आली हे मला ठाऊक होतं. त्यानंतर अबातेने माझ्या काठ्यांना कधी हात लावला नाही.

आता आम्ही दोघं चर्चच्या कोठीत शेजारी शेजारी पडून आहोत. मुलं येतात, पेटीचा कर्णा कानाला लावून हसतात. त्या दिवशीच्या बाँबने तिची तार तुटली, म्हणून म्हातारे तिच्याबद्दल हळहळतात. मला पाहिलं की ते तोंड फिरवतात. तिच्या वाट्याला आलेल्या त्या हळहळीचाही मला हेवा वाटतो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, माझ्या कातड्याला कसर लागू देऊ नका. पण मला वाजवायची वेळ आलीच, तर आधी मान वर करून आभाळ बघा.