चूप बसण्याचा खेळ

"लेकराले चूप बसाले नोका शिकवू, बाई," शेजारच्या रुखमाबाईनं मंजुषाला बजावलं होतं. "एकदा शिकलं तं मंग विसरत नाई."

मंजुषानं ते हसण्यावारी नेलं. बी.ए. झालेली ती. लेकरं आज शिकतात, उद्या विसरतात, असं तिला वाटायचं.

बल्लारपुरात त्यांना परवडेल अशी दुसरी खोली नव्हती. तिचा नवरा प्रफुल कागदाच्या मिलमध्ये ठेक्यावर. कधी काम, कधी घरी. खोली माडीवर, पत्र्याची. खाली घरमालक गुणवंतराव एकटेच राहत. खाणीत त्यांची कायमची रातपाळी, म्हणून दिवसा झोप. भाडं कमी घेत, पण अट एकच: दिवसा डोक्यावर धपधप झाली की खोली सोडायची. गल्लीतल्या कल्ल्याची त्यांना सवय होती, वरच्या पावलांची नव्हती. आधीच्या भाडेकरूंना त्यांनी याच पायी काढलं होतं.

म्हणून तीन वर्षांच्या लेकीसाठी, हर्षासाठी, मंजुषानं खेळ काढला. गोधड्या अंथरायच्या, मांजरीसारखं चालायचं, बोलेल तो हरला. लोखंडी जिना वाजतो, म्हणून दिवसा खाली उतरायचं नाही. हर्षा कधी हरली नाही. गल्लीतली पोरं खेळत, अन् ती खिडकीच्या गजाला गाल लावून बघत बसे. मायलेकी दिवस दिवस खुणांनीच बोलत.

एका दुपारी मंजुषा नळावरून कपडे धुऊन अनवाणी, दबकत वर आली. दाराच्या फटीत हर्षाची बोटं चेंगरली होती. डोळ्यांतून धारा, अन् दुसरा हात स्वतःच्याच तोंडावर दाबलेला. कधीपासून, कोण जाणे.

मंजुषा तिला उचलून धडधडत जिना उतरली. गुणवंतराव दचकून बाहेर आले, काही न विचारता त्यांनी मोटारसायकल काढली. दवाखान्यात टाके घालतानाही पोर हूं की चूं करेना. तेव्हा गुणवंतरावच हळवे झाले.

"रड नं बेटा," ते म्हणाले. "मी जागाच आहो."

हर्षानं मोकळा हात पुन्हा तोंडावर दाबला.

अट सुटली. बोटंही भरून आली. मंजुषा आता मुद्दाम भांडी वाजवते, मोठ्यानं गाणी म्हणते. हर्षा मांजरीच्या पावलांनी येते अन् आईच्या ओठांवर हात ठेवते. अंगणवाडीतल्या बाई म्हणतात, किती शहाणी पोर. ते मंजुषाला ऐकवत नाही.

तिचं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. तुमच्या माडीवर, नाहीतर शेजारी, भाड्याच्या खोलीत एखादं लेकरू राहत असेल अन् दिवसभर त्याचा आवाज येत नसेल, तर गुणी आहे म्हणून सोडून देऊ नका. जा, दार वाजवा. त्याला त्याचं नाव विचारून पाहा.