जावयाची ऊब

साप माझ्या धाकट्या मुलाचा. अजगराचं पिल्लू म्हणे, पण मनगटाएवढं जाड. मी त्याला जावई म्हणते. आयतं खातो, उबेला पडून राहतो आणि मर्जी मात्र सगळ्या घराने सांभाळायची.

धाकटा आणि सून कामासाठी परगावी निघाले तेव्हा सून त्याला म्हणाली, साप माझ्या भावाकडे ठेवू, आईंना नाही झेपणार. हळूच म्हणाली, पण माझे कान शाबूत आहेत. मी तिथल्या तिथे सुनावलं, चार पोरं वाढवली, त्यातली दोन सापाहून वाईट होती, याचं काय एवढं. धाकटा हसला. सुनेने ओठ मुडपले आणि सगळं समजावून दिलं. काचेच्या पेटीची एक बाजू गरम, दुसरी गार. गरम बाजूला खाली तापणारी चटई. बाहेर चटईची ऊब सांभाळणारी एक डबी, तिच्यावर आकडा. बत्तीसच्या आसपास राहिला की झालं. पण डबी जुनी, कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून घर टाकून मुक्कामाला कुठे जायचं नाही.

जायचं तर मला होतंच. सोमवारी माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं तिच्या गावी ऑपरेशन. तिला मूल नाही, नवरा गेलेला. भूल द्यायच्या आधी तू समोर दिसली पाहिजेस, एवढंच तिने मागितलं होतं आणि मी शब्द दिला होता. मुलगा शनिवारी परत येणार होता, तेव्हा चिंता नव्हती.

तोवर मी आणि जावई. खिडकी उघडायची नाही, त्याला वारा लागतो. पंखा लावायचा नाही. भाजीला उतरले तरी अर्ध्या जिन्यातून परत वर येऊन आकडा बघायचा. शेजारणी खाली बाकावर बसून गप्पा मारायच्या, त्यांचं हसणं बंद काचेतून ऐकू यायचं.

शुक्रवारी पेटी पुसायला घेतली. आत एक वायर लोंबत होती, टोकाला मणी. असला गबाळेपणा मला खपत नाही. मी ती बाहेर ओढली, नीट गुंडाळली, रबर लावलं आणि मागे भिंतीशी ठेवून दिली. थोड्या वेळाने बघते तर आकडा बावीसवर. वाटलं, गारठला बिचारा. माझी जाड रजई आणली आणि बाळंतिणीची खोली बंद करावी तशी पेटी चारी बाजूंनी झाकली. आकडा हलेना. वर आणखी एक चादर टाकली.

दुपारी आतून धप्पकन आवाज आला. रजई उचलली तर काच इस्त्रीसारखी तापलेली. जावई गार बाजूच्या कोपऱ्यात, झाकणाच्या फटीवर तोंड घासत होता. नाकाशी सोलून निघालं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आतली ऊब तो मणी मोजत होता. मी त्याला भिंतीची ऊब मोजायला बसवलं होतं, आणि डबीला वाटत होतं आत गारठा आहे, म्हणून चटई तापतच राहिली.

बटण बंद केलं, झाकण काढलं आणि त्याला पहिल्यांदाच हातात घेतलं. पाणी भरलेल्या पिशवीसारखा लुळा. मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसले. मनात आलं, मेला तर मी सुटले. आलं ते आलं, खोटं कशाला बोलू. पण हात त्याला सोडेनात. बऱ्याच वेळाने जीभ बाहेर आली, मग मान उचलली, आणि लबाड माझ्या बाहीत शिरायला लागला.

त्याला पेटीत ठेवून मणी जागेवर लावते तोच फोन वाजला. धाकटा म्हणाला, काम लांबलंय, यायला पुढचा गुरुवार उजाडेल. मी म्हटलं, आणि मावशीचं? त्याने फोन सुनेकडे दिला. मग सून बोलली.

"आई, तुम्हाला झेपत नसेल तर तसं सांगा. माझा भाऊ आजच येऊन साप घेऊन जाईल. मनात काही ठेवू नका."

दोन शब्द बोलले की मी मोकळी. झेपत नाही. शिवाय त्याच्या नाकाचंही सांगायलाच हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मागून धाकटा म्हणाला, "आईला झेपलं नाही असं कधी झालंय का?" सून हसली. साधंच हसली असेल.

"माझ्याकडे तो मजेत आहे," मी म्हटलं. "तुम्ही तुमची कामं बघा."

मग बहिणीला फोन लावला. कारण सांगितलं. 

"ताई, त्या सापाला तरी विचारलंस का," ती म्हणाली, "त्याला तू हवी आहेस का ते?"

शेजारीण येईल माझ्याबरोबर, असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी सुनेचा नंबर लावला. एक रिंग वाजली आणि माझ्याच बोटाने तो बंद केला. तिचा लगेच उलटा फोन, काय झालं आई, सगळं ठीक ना.

चुकून लागला, म्हटलं.